चंबळमधलं वाळूचं बेट आणि लष्करमधलं उन्हाळी शिबिर : एक प्रकरण अभ्यास

प्रस्ताव

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं एक मराठी मंडळ दरवर्षी मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात मुलांसाठी शिबिर घेतं. श्लोक, नाट्यवाचन, मातीकाम आणि शेवटी एक दिवसाची सहल. एका वर्षी कार्यकारिणीपुढे सहलीचा नवा प्रस्ताव आला. मुरैन्याच्या पलीकडे चंबळच्या पात्रात उन्हाळ्यात वाळूचं एक बेट उघडं पडतं. मुलांना नावेने तिथे न्यायचं, वाळूत खेळू द्यायचं, दुपारी गक्कड-भरता (निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे गोळे आणि वांग्याचं भरीत) करायचा आणि उन्हं उतरली की परत निघायचं. बेटावर वस्ती नाही, शेती नाही, एक झाडसुद्धा नाही, त्यामुळे कोणाला त्रास होण्याचा प्रश्न नाही, असं प्रस्तावात लिहिलं होतं. नाववाल्याने होकार दिला होता.

शिबिरातला निसर्गाचा तास मी घेते, म्हणून कार्यकारिणीने माझ्याकडे टिपण मागितलं. जावं की न जावं, एवढंच त्यात सांगायचं होतं. तेवढं उत्तर लवकर मिळालं. त्यातून पुढे जे उलगडत गेलं ते मात्र शिबिरापेक्षा बरंच मोठं होतं आणि थेट आमच्या घरांतल्या नळांपर्यंत आलं. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे.

बेटाचं आणि जवळच्या घाटाचं नाव मुद्दाम देत नाही. पक्ष्यांच्या विणीची जागा एकदा नावानिशी फिरायला लागली की मोठमोठ्या लेन्सा घेतलेली माणसं तिथे पोचतात, आणि त्यांना आवरणं त्या भागातल्या कोणाच्याही हातात राहत नाही.

बेटावर कोण राहतं

चंबळचा हा सगळा पट्टा राष्ट्रीय चंबळ अभयारण्यात येतो. हे अभयारण्य मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश अशा तीन राज्यांत पसरलेलं आहे. १९७८-७९ च्या सुमारास ते जाहीर झालं ते मुख्यतः घडियालांसाठी, म्हणजे लांब निमुळत्या जबड्याच्या सुसरींसाठी. नदीचा ४०० किलोमीटरांहून लांब भाग त्यात आहे. नाववाला हो म्हणाला म्हणजे परवानगी मिळाली असं इथे होत नाही, ती वनविभागाकडूनच घ्यावी लागते. प्रस्तावातला पहिला दोष हाच होता आणि तो कागदपत्रांनी दूर होण्यासारखा होता. दुसरा दोष कागदपत्रांनी दूर होणारा नव्हता.

एप्रिलच्या मध्यावर आम्ही चौघं जागा पाहून आलो. बानमोर, मुरैना मागे टाकलं, महामार्ग सोडला आणि बेहडांतल्या, म्हणजे नदीकाठच्या घळींतल्या, कच्च्या रस्त्याने घाटावर उतरलो. काठावरून दुर्बीण लावली, तर ते उघडंबोडकं बेट पक्ष्यांनी भरलेलं होतं. नदी सुरय अंड्यांवर बसले होते. त्यांच्यात मिसळून, जरा उंचवट्यावर, पाणचिरे बसले होते.

पाणचिरा एकदा पाहिला की विसरत नाही. पाठ काळी, पोट पांढरं, चोच केशरी आणि लांब, आणि चोचीचा खालचा भाग वरच्यापेक्षा मोठा. उडता उडता तो खालची चोच पाण्यात बुडवतो आणि सरळ रेषेत पाणी कापत जातो. चोचीला मासा लागला की वरची चोच मिटते. पहाटे, सांजवेळी आणि चांदण्या रात्रीही त्याची शिकार चालते. जगभरात या पक्ष्याची प्रौढ संख्या तीन हजारांच्या आत असावी असा अंदाज आहे. २०२० मध्ये आययूसीएनच्या धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत त्याची नोंद ‘असुरक्षित’ गटातून ‘संकटग्रस्त’ गटात गेली. विणीसाठी त्याला भारतात आता ज्या मोजक्या नद्या उरल्या आहेत, त्यांत चंबळ सर्वांत महत्त्वाची. हिवाळ्यात गुजरातच्या आणि पूर्वेच्या किनाऱ्यावर दिसणारे पाणचिरे अंडी घालायला अशाच नदीतल्या वाळूवर येतात.

घरटं म्हणजे वाळूत छातीने दाबून केलेला उथळ खळगा. ना काडी, ना पान. त्यात तीन-चार अंडी, वाळूच्याच रंगाची, वर तपकिरी ठिपके. सुमारे तीन आठवडे अंडी उबवावी लागतात. उबवणं हा शब्द इथे अर्धवटच लागू पडतो, कारण आमच्याकडच्या मे महिन्यात खरं काम असतं ते अंडी थंड ठेवण्याचं. पारा ४५ अंशांपाशी गेला की वाळूवर अनवाणी पाऊल टेकवत नाही. पक्षी पाण्याला पोट लावून येतो आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर बसतो. दिवसभर नर-मादी आळीपाळीने हेच करतात. भर दुपारी त्यांना उठवलं तर अंड्यातला जीव उन्हाने मरतो, कोणाला अंड्याला हातही लावावा लागत नाही.

हे बोलत असतानाच एक मासेमारी नाव बेटाच्या जवळून गेली. सगळा थवा उठला, ओरडत घिरट्या घालू लागला. नाव पुढे सरकली तसे सुरय आधी उतरले. पाणचिरे उतरायला कितीतरी वेळ लागला, आणि तोवर काठावरचे दोन कावळे बेटाच्या टोकावर येऊन बसले होते. ती एक नाव होती आणि थांबलीही नव्हती. आमच्या प्रस्तावात चाळीसेक मुलं दिवसभर तिथे असणार होती.

चर्चेतले पर्याय

मंडळाच्या सभेत मी हे सगळं मांडलं. विरोध झाला आणि तो होणं योग्यच होतं. आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ सभासद, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात, ते म्हणाले, “अगं, कॉलेजात असताना आम्ही त्याच वाळूवर जेवलोय. तेव्हाही पक्षी होते. काही झालं नाही.” आप्पांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण त्यांच्या कॉलेजच्या दिवसांत अशी बेटं पुष्कळ होती आणि पक्ष्यांना एक सोडून दुसऱ्यावर जाता येत होतं. नदीवरचं कोटा बराज, म्हणजे कालव्यांसाठी पाणी अडवणारा मोठा बंधारा, तेव्हा नुकतं झालं होतं. आता त्या पट्ट्यात पक्ष्यांना विणीजोगी उघडी, पाण्याने चारी बाजूंनी वेढलेली वाळू अगदी थोडी उरते.

मग मधले मार्ग सुचवले गेले. पक्षी उंचवट्यावर आहेत, तर आपण बेटाच्या दुसऱ्या टोकाला उतरू, असं एकाने सुचवलं. वरवर पाहता हे शहाणपणाचं वाटतं, पण मेच्या पहिल्या पंधरवड्यात काही घरट्यांतली पिल्लं बाहेर आलेली असतात आणि पाणचिऱ्याची पिल्लं घरट्यात थांबत नाहीत. ती बेटभर पांगतात. कोणी आलं की पळत पाण्याकाठी जातात आणि वाळूला चिकटून निश्चल पडतात. दोन हातांवरचं पिल्लू मोठ्या माणसाला दिसत नाही, मग धावत्या मुलाला काय दिसणार? दुसरं टोक नकाशावर असतं, पिल्लांच्या हिशेबात नसतं. पहाटे जाऊन उन्हाआधी परतू हा दुसरा पर्याय. त्यात ऊन टळतं, पण कावळे पहाटेही सक्रिय असतात. नावेतून न उतरता बेटाला फेरी मारू हा तिसरा. मघाच्या नावेने काय झालं ते चौघांनी पाहिलं होतं, त्यामुळे तो आपोआप बाजूला पडला.

एका तरुण सभासदाने ड्रोन सुचवला. मुलांना मोठ्या पडद्यावर घरटी दाखवता येतील, कोणाला त्रास नाही, असं त्याला मनापासून वाटत होतं. पण अभयारण्यावर परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही, आणि वरून घोंघावत येणारी वस्तू जमिनीवरच्या पक्ष्याला शिकारी पक्ष्यासारखीच भासते. मला हा पर्याय सगळ्यांत धोक्याचा वाटतो, कारण त्यात त्रास देणाऱ्याला आपण त्रास देत आहोत याचा पत्ताच लागत नाही.

शेवटी काठावरून पाहण्याचा पर्याय उरला आणि तिथेही आम्हाला एक सुधारणा करावी लागली. काठावरची जी उतरती वाळू आम्ही बसायला निवडली होती, तिथे घडियालाचं घरटं होतं. वनविभागाने खूण करून ठेवली होती, पण नवख्याला ती कळली नसती. घडियालाची मादी मार्चअखेर ते एप्रिलमध्ये अशाच उंच वाळूत खड्डा करून अंडी पुरते आणि मे संपता संपता, जूनच्या सुरुवातीला पिल्लं बाहेर येतात. नदीकासवांची अंडीही त्याच वाळूत असतात. त्यांतल्या एका जातीच्या नराच्या डोक्यावर विणीच्या दिवसांत लाल टिळा उमटतो. ती जात आज जगात टिकून आहे ती मुख्यतः या नदीच्या जोरावर. म्हणजे बेट टाळून काठावर बसलो म्हणून आपण निर्धोक झालो असं नव्हतं. वाळू सोडून वरच्या कगारीवर, म्हणजे उंच उभ्या काठावर, बाभळीच्या सावलीत बसायचं ठरलं. तिथून बेट लांब पडतं, पण दोन दुर्बिणी आणि एक तिपायीवरची मोठी दुर्बीण एवढी सोय पुरेशी होती.

सभेने ठराव केला : मार्च ते जून या काळात मंडळाचा कोणताही कार्यक्रम चंबळच्या बेटांवर किंवा उतरत्या वाळूवर होणार नाही. मुलांना आधी देवरीच्या घडियाल केंद्रात न्यायचं आणि उन्हं उतरताना कगारीवर. देवरीला नदीतून आणलेल्या अंड्यांतून घडियालांची पिल्लं वाढवतात आणि सव्वा मीटरच्या आसपास लांबी झाली की नदीत सोडतात. सहल ठरल्याप्रमाणे पार पडली. मुलांनी पाणचिरे पाणी कापताना पाहिले. एका मुलीने विचारलं, “ताई, पिल्लांची चोच पण अशीच वरखाली असते का?” नसते. अंड्यातून बाहेर येताना दोन्ही भाग जवळजवळ सारखेच असतात, खालचा पुढे वाढतो. तिने शोधून काढलेला हा प्रश्न मला फार आवडला.

शिबिरापुरतं प्रकरण इथे मिटलं होतं.

पाणी उतरल्यावर

घाटावर एक तरुण भेटला होता. जवळच्या गावातला, घर मल्लाहांचं, म्हणजे नावाड्यांचं. विणीच्या हंगामात बेटावर नजर ठेवायचं काम तो करतो. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने गेल्या काही वर्षांत चंबळकाठच्या गावकऱ्यांना घेऊन घरट्यांच्या राखणीचं काम उभं केलं आहे. ते उभं करणाऱ्या परवीन शेख यांना २०२५ मध्ये वन्यजीव संरक्षणासाठीचा व्हिटली पुरस्कार मिळाला. राखणीने जगलेल्या घरट्यांचं प्रमाण १४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेल्याचं तेव्हा जाहीर झालं. या आकड्याकडे दोन्ही बाजूंनी बघायला हवं. प्रमाण जवळजवळ दुप्पट झालं ही फार मोठी कमाई आहे. तरीही चारांतली तीन घरटी जातातच. का जातात, ते त्या तरुणाने एका वाक्यात सांगितलं : “पानी उतरा कि कुत्ता आया.”

बेटाच्या एका अंगाला नदीचा मुख्य प्रवाह आहे, खोल आणि निळा. दुसऱ्या अंगाला एक अरुंद फाटा आहे. एप्रिलमध्ये तो कमरेएवढा होता. शिबिराच्या वेळी गुडघ्याच्या वर. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात त्या तरुणाने फोनवर पाठवलेल्या छायाचित्रात तो घोट्यापर्यंत आला होता, आणि पुढच्या आठवड्यात मधोमध वाळूची मान वर आली होती. बेट काठाला जोडलं गेलं होतं.

अशी मान वर आली की त्यावरून कोण कोण येतं याची यादी मोठी आहे. गावचे कुत्रे येतात, कोल्हे येतात. पाण्यावर आलेली गुरं पलीकडे चरायला काही आहे का हे बघत येतात आणि त्यांच्या खुरांखाली खळगे तुडवले जातात. पात्रातल्या वाळूत काकड्या-खरबुजांची वाडी करणारी माणसं जास्तीची जागा शोधत येतात. वाळू उपसणाऱ्यांचे ट्रॅक्टर येतात आणि त्यांना अडवणं सोपं नसतं. याच भागात, बानमोरला, बेकायदा खणलेल्या दगडांची ट्रॉली अडवताना एक तरुण पोलीस अधिकारी २०१२ च्या मार्चमध्ये चिरडला गेला. ज्या गावकऱ्यांना आपण राखणीला बसवतो, त्यांना कोणासमोर उभं राहावं लागतं हे लष्करमध्ये बसून विसरता कामा नये.

त्या वर्षी राखणदारांनी मानेवरच मुक्काम टाकला. रात्री दोघं, दिवसा एक. कुत्रे हाकलले, गुरांच्या मालकांशी बोलून पाणवठा खालच्या वळणावर हलवला. ही विनंती त्यांनी ऐकली, कारण विनंती करणारे त्यांच्याच गावचे होते. आम्ही शहरातून जाऊन तेच सांगितलं असतं तर उत्तर काय मिळालं असतं याची मला कल्पना आहे. तरी एका रात्री कोल्हे मानेच्या बाजूने शिरले आणि त्या कडेची घरटी गेली. उंचवट्यावरची बरीचशी पिल्लं मात्र पाऊस येण्याआधी उडाली.

याचा अर्थ मला असा लागतो. माणसाने बेटावर पाय ठेवू नये हा नियम आवश्यक आहे, पण तो या प्रकरणातला सगळ्यांत सोपा भाग आहे. ठराव केला आणि झालं. अशा बेटाची खरी तटबंदी म्हणजे भोवतालचं पाणी, आणि हे पाणी अभयारण्याच्या हद्दीत ठरत नाही.

पाण्याचा हिशेब

चंबळ उगम पावते ती इंदूरजवळ महूच्या जानापाव डोंगरावर. पुढे गांधी सागर, राणा प्रताप सागर, जवाहर सागर ही धरणं आणि सगळ्यांत खाली १९६० चं कोटा बराज. या बराजातून दोन मोठे कालवे निघतात. उजवा कालवा राजस्थान ओलांडून मध्य प्रदेशात येतो आणि श्योपूर, मुरैना, भिंड या जिल्ह्यांतला गहू आणि मोहरी त्याच्या पाण्यावर होते. आमच्या घरात येणारी पोती त्याच शेतांतली असतात. कोट्याच्या खाली उन्हाळ्यात उरतं ते मुख्यतः काली सिंध, पार्वती, बनास या नद्यांचं आणि काठांतून झिरपून येणारं पाणी. बेटाभोवतीचा फाटा गुडघ्याएवढा राहणार की घोट्याएवढा, हे या नद्या ठरवतात.

आता बनासवर बिसलपूर धरण आहे. पार्वती आणि काली सिंधचं पाणी वळवणाऱ्या जोडप्रकल्पासाठी मध्य प्रदेश व राजस्थान ही दोन राज्यं आणि केंद्र यांच्यात २०२४ च्या जानेवारीत करार झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जयपूरला त्याची पायाभरणी झाली. मालव्यातल्या आणि पूर्व राजस्थानातल्या शेतकऱ्याला पाणी हवं आहे, हे मला पूर्ण मान्य आहे. पण ज्या नद्या कोट्याखालची चंबळ जिवंत ठेवतात, नेमक्या त्याच नद्यांवर हा भार पडणार आहे. मार्च ते जून या महिन्यांत किती पाणी खाली सोडायचं, हे आताच ठरलं नाही तर नंतर ते मागायला जागा राहणार नाही.

किती पाणी लागतं याचं उत्तर देण्याचा प्रयत्न झाला आहे. भारतीय वन्यजीव संस्थेच्या २०११ च्या अभ्यासात घडियालांसाठी सेकंदाला किमान सुमारे १५१ घनमीटर आणि डॉल्फिनसाठी सुमारे २६६ घनमीटर प्रवाह हवा असं निघालं. हे आकडे पाणचिऱ्यांसाठी काढलेले नाहीत. पाणचिऱ्यांचा हिशेब आणखी नाजूक आहे. पाणी कमी झालं की बेट काठाला जोडलं जातं. अचानक वाढलं, वरून एकदम सोडलं गेलं, की त्याच बेटावरची अंडी एका रात्रीत वाहून जातात. त्यांना मोठा पूर हवा तो पावसाळ्यात. वाळूवर उगवलेली झाऊची झुडुपं उपटून काढणारा, पात्र धुऊन नवी उघडी बेटं घडवणारा पूर. आणि उन्हाळ्यात हवं असतं धीम्या गतीने उतरणारं, पण न तुटणारं पाणी. धरणं याच्या उलट करतात. पूर अडवतात, वाळूवर झुडुपं माजतात, आणि उन्हाळ्यातला प्रवाह वीज व सिंचनाच्या सोयीने कमीजास्त होतो.

ही सगळी बेटं एका जागी टिकणारी नसतात, हेही या प्रकरणातून मला नीट उमगलं. या वर्षीचं बेट पुढच्या पावसाळ्यात विरघळेल आणि अर्ध्या कोसावर नवं उभं राहील. समुद्रातल्या बेटाभोवती कुंपण घालता येतं, निदान हद्द आखता येते. इथे जागा राखून भागत नाही. बेटं घडवणारी आणि वेढणारी नदीच राखावी लागते.

आमचा नळ

मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी हा सगळा हिशेब मांडला, आणि तिथे विषय घरापर्यंत आला. ग्वाल्हेरचा पाणीपुरवठा शंभर वर्षांहून अधिक काळ मुख्यतः सांक नदीवरच्या तिघरा धरणावर आहे. पाऊस कमी झाला की लष्करमध्ये एक दिवसाआड पाणी येतं. चंबळचं पाणी जलवाहिनीने ग्वाल्हेरला आणायची योजना कितीतरी वर्षं चर्चेत आहे, आणि शहरात तिची वाट पाहणारी माणसं लाखांनी आहेत.

अरुंद गल्लीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एक वहिनी म्हणाल्या, “पक्ष्यांसाठी आम्ही तहानलेलं राहायचं का? घडा घेऊन टँकरमागे मी धावते, तुम्ही नाही.” सभेत एकदम शांतता झाली. हा प्रश्न भावनेचा म्हणून बाजूला सारण्यासारखा नव्हता, म्हणून मी आकडे घेऊन बसले.

उदाहरणादाखल शहरासाठी रोज १५ कोटी लिटर उपसा धरला, तर तो सेकंदाला पावणेदोन घनमीटरांच्या आसपास होतो. घडियालांसाठी सांगितलेल्या १५१ घनमीटरांशी ताडून पाहिलं तर हा अगदी लहान भाग आहे. नदी आटण्याचं खापर आमच्या नळावर फोडणं खरं नाही. खरा मोठा वाटा कालव्यांचा आणि वरच्या धरणांचा आहे. पण दोन गोष्टी यातही नजरेआड करता येत नाहीत. पहिली, अशी योजना एकटी नसते. त्याच नदीवर धौलपूर, भरतपूर, मुरैना, सगळ्यांचे पंप बसतात आणि प्रत्येकाचा आकडा स्वतंत्रपणे लहानच दिसतो. दुसरी, वर्षभराच्या सरासरीने पक्ष्यांचं पोट भरत नाही. पावसाळ्यातल्या भरल्या नदीतून शहरापुरतं पाणी उचललं तर पाणचिऱ्याला फारसा फरक पडत नाही. तेवढंच पाणी मे महिन्यात उचललं तर फाट्याची पातळी आणखी खाली जाऊ शकते, आणि घोट्याएवढ्या पाण्यात थोडासा फरक म्हणजेही पुष्कळ.

म्हणून वहिनींना दिलेलं उत्तर असं होतं. पाणी नको असं आपण म्हणायचं नाही. पाणी पावसाळ्यात उचलून साठवा असं म्हणायचं. तिघऱ्यात आणि मुरैना जिल्ह्यातल्या कोतवालसारख्या जुन्या जलाशयांत ते भरून ठेवायचं, गाळ काढायचा, आणि मार्च ते जूनमध्ये थेट नदीतला उपसा जितका कमी करता येईल तितका करायचा. शहरातल्या गळक्या वाहिन्या दुरुस्त करणं यात येतंच. वहिनींनी विचारलं, “मग हे लेखी द्या ना, माझीही सही घ्या.” त्यांची सही पहिली आहे.

पत्र आणि नोंदवही

पत्रात तीन मागण्या आहेत. कोट्याखाली उन्हाळ्यात किमान किती पाणी सोडायचं हे दोन्ही राज्यांनी मिळून ठरवावं आणि रोजचा आकडा लोकांना पाहता यावा. पाणी सोडण्यात अचानक चढउतार टाळावेत, टाळता येत नसतील तर खालच्या राखणदारांना आधी कळवावं. आणि शहरांच्या उपशाचं वेळापत्रक विणीच्या हंगामाशी जोडावं. संबंधित कार्यालयाकडून पोच मिळाली आहे, उत्तर नाही.

उत्तराची वाट पाहत बसण्यात मला अर्थ वाटला नाही. अशा पत्रांमागे नुसती कळकळ असून भागत नाही, नोंद लागते. बेटाच्या फाट्यात एक बांबू रोवला आहे, त्यावर वीतभर अंतराने रंगाचे पट्टे आहेत. राखणदार आठवड्यातून दोनदा पाणी कोणत्या पट्ट्यावर आहे याचं छायाचित्र पाठवतो. शिबिरातली तीन मोठी मुलं ती नोंद वहीत उतरवतात. शेजारच्या रकान्यात त्या आठवड्यात बेटावर कोणाच्या पाऊलखुणा दिसल्या ते लिहितात : कुत्रा, कोल्हा, गुरं, माणूस. पाणी कितव्या पट्ट्याखाली गेल्यावर पहिला कुत्रा येतो, हे या दोन रकान्यांतून कळेल. राखणदारांनी रात्रीचा मुक्काम कधी सुरू करायचा तेही त्यावरून ठरवता येईल.

आप्पांनी वहीसाठी स्वतःकडची जुनी छायाचित्रं काढून दिली आहेत. कॉलेजच्या सहलीची, त्याच वळणावरची. त्यांत मुलं हसत उभी आहेत आणि मागे बेटाभोवती नदी रुंद, भरलेली दिसते. छायाचित्रांच्या मागे महिना लिहिलेला आहे, मे. ती आम्ही पत्राला जोडली. पुढच्या मार्चपासून खालच्या वळणावरच्या दुसऱ्या बेटापाशीही बांबू रोवायचा आहे, आणि त्यावर पट्टे मारायचं काम राखणदाराच्या धाकट्या बहिणीने मागून घेतलं आहे.